कुठलं पुसेगाव? एका स्नायपर रायफलीचा अस्सलपणा तपासताना

माझं गाव पुसेगाव म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे सेवागिरी महाराजांचं?" नाही हो. ते साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हॉस्टेलला, नेटच्या क्लासला, पीएच.डी.च्या मुलाखतीला, सगळीकडे मी हे सांगत आले आहे. आणि ज्या दिवशी हाच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, नेमकं त्याच दिवशी विसरले. त्यापायी एका परिषदेला पाठवलेला गोषवारा परत मागवावा लागला आणि प्रकरणाच्या मसुद्यातली अडीच पानं काढून टाकावी लागली. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, साधनांची यादी करताय. म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी सांगते.

माझा विषय हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्यातली लष्करी ठाणी आणि तिथली शस्त्रं. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची जुनी छावणी. १८५३ च्या तहात या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ च्या करारात ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने दिलं गेलं, आणि १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात मिसळल्या. तेव्हाच हिंगोलीची छावणी उठली. पुढचा मोठा टप्पा म्हणजे सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन. १३ तारखेला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

या सगळ्याच्या आठवणी आमच्याकडे भरपूर आहेत. वस्तू मात्र जवळजवळ नाहीत. छावणी उठते तेव्हा फौज बंदुका मागे ठेवून जात नाही, आणि १९४८ नंतर लोकांकडची शस्त्रं सरकारजमा झाली. त्यामुळे "या भागाशी नातं असलेली एक रायफल सापडली" असं कुणी म्हटलं की माझ्यासारखीचा तोल जाणारच. इथे मी स्वतःची बाजू मांडत नाहीये. आपल्याला जे हवं असतं ते समोर आलं की तपासणी ढिली पडते, एवढंच सांगतेय.

झालं असं. एका मित्राच्या ओळखीतून परदेशातल्या एका संग्राहकाने मला ३४ फोटो पाठवले. रायफल .३०३ ची, ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी). सोबत दुर्बीण, दुर्बिणीचा डबा, रायफलीची लाकडी पेटी. पेटीच्या झाकणाला आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर टाइप केलेली तीन अक्षरी नोंद: एक नाव, एक हुद्दा आणि गाव, पुसेगाव. विकणाऱ्याने संग्राहकाला सांगितलेली कथा अशी की ही रायफल १९४८ मध्ये हैदराबादच्या कारवाईत वापरली गेली, पुढे एका लष्करी कुटुंबाकडे राहिली आणि त्यांनी भारतातून थेट बाहेर नेली. शिवाय रायफल "पूर्ण जुळणारी", म्हणजे सगळे नंबर एकमेकांशी जुळणारे.

मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी लिहायलाच बसले.

आता ही रायफल म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या. त्याशिवाय पुढचं डोक्यात शिरणार नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्नायपरसाठी वेगळी रायफल मुळापासून बनवली नाही. कारखान्यातून निघणाऱ्या साध्या नंबर ४ रायफलींपैकी ज्यांचा नेम चाचणीत उत्तम ठरला त्या बाजूला काढल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवल्या. हे घराणं श्रीमंतांच्या शिकारी बंदुका बनवणारं. तिथे बॉडीच्या डाव्या बाजूला दोन पोलादी पॅड बसवले, त्यावर दुर्बिणीचं ब्रॅकेट, बटवर गाल टेकायला लाकडी तुकडा. दुर्बीण नंबर ३२, जी खरं तर आधी ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. दुर्बीण आणि रायफल एकत्र जुळवून नेम साधला की ती जोडी ठरली. ती फुटू नये म्हणून नंबर ठोकले. रायफलीचा नंबर ब्रॅकेटवर, दुर्बिणीचा नंबर बटच्या मनगटावर, म्हणजे आपण मुठीत धरतो त्या भागावर वरून.

थोडक्यात, या वस्तूच्या अंगावरच तिचं दप्तर लिहिलेलं आहे. निवड झाल्याची खूण म्हणून बटच्या सॉकेटवर डावीकडे "टीआर". रूपांतर पूर्ण होऊन मान्य झाल्याची खूण म्हणून बॉडीवर "टी". हॉलंड अँड हॉलंडचा युद्धकाळातला सांकेतिक क्रमांक "एस ५१", तो बटच्या खालच्या अंगाला. बीएसएच्या शर्ली कारखान्यात बनलेली असेल तर "एम ४७ सी". आणि जागोजागी तपासनिसांचे छोटे मुकुटाचे शिक्के. मोडी कागदावर शिक्का, मोर्तब, तारीख आणि हस्ताक्षर बघतो ना आपण, अगदी तसंच.

माझ्या फोटोंत हे सगळं होतं. टीआर होतं, टी होतं, एस ५१ होतं, एम ४७ सी होतं. ब्रॅकेटवरचा नंबर रायफलीशी जुळत होता, मनगटावरचा नंबर दुर्बिणीशी. मी यादीवर एकेक खूण केली आणि मोकळी झाले. पहिली चूक इथेच झाली. खूण आहे की नाही एवढंच मी बघितलं. ती कधी उठली, कुणी उठवली आणि आजूबाजूच्या गोष्टींशी तिचं पटतं का, हे बघितलंच नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, ईएमईमधून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले. हयात रायफली उघडण्यात गेली. त्यांना मोठ्या हौसेने लॅपटॉपवर फोटो दाखवले. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, नंबर जुळायलेत म्हणून खूश होऊ नको. ते कवा जुळले ते बघ."

मग त्यांनी ब्रॅकेटचा फोटो मोठा करायला लावला. पोलादावर नंबर ठोकला की धातू बाजूला सरतो आणि आकड्याच्या कडेला बारीक उंचवटा येतो. नंबर ठोकून झाल्यावर त्यावर काळा मुलामा चढला तर तो आकड्याच्या तळातही उतरतो. वर्षानुवर्षं हात लागून उंचवटा झिजतो, तळाशी तेल आणि मळ बसतो. माझ्या ब्रॅकेटवर काळा रंग जुना होता, पण आकड्यांच्या तळाशी धातू चकाकत होता. म्हणजे रंग आधी, नंबर नंतर. बघायला अगदी सोपं, पण बघावं लागतं. काका म्हणाले, समोरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसणार नाही, उजेड तिरपा पाहिजे. संग्राहक भला माणूस, त्याने टॉर्च आडवी धरून पुन्हा फोटो काढून पाठवले. (ज्यांना शिलालेख वाचायचेत त्यांनी हे लिहून ठेवा. तिरप्या उजेडाइतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही.)

मनगटाचंही तेच. तिथे लाकूड आजूबाजूच्या मानाने थोडं बसकं होतं आणि जरा जास्तच स्वच्छ. बाकी बटवर चार-पाच दशकांचे ओरखडे, डाग, टोले. नंबराभोवती मात्र हातभर जागा नव्हे, चांगली दोन बोटं जागा गुळगुळीत. कुणीतरी घासून आधीचा नंबर काढला होता आणि नवा ठोकला होता.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सैन्यातही दुर्बिणी बदलायच्या. दुर्बीण आपटते, काच फुटते, आत बुरशी धरते. मग आर्मरर दुसरी दुर्बीण जुळवून द्यायचा आणि मनगटावरच्या जुन्या नंबरवर आडवी रेघ मारून नवा नंबर ठोकायचा. म्हणजे खोडलेला नंबर हा दोष नव्हेच. तो त्या रायफलीच्या नोकरीचा दाखला आहे. जुनी दुर्बीण गेली, नवी आली, कुणीतरी जबाबदार माणसाने त्याची नोंद केली. न जुळणारी जोडीसुद्धा बऱ्याचदा प्रामाणिक असते, कारण युद्धानंतर रायफली एकीकडे आणि दुर्बिणी दुसरीकडे विकल्या गेल्या. बाजाराला मात्र "जुळणारी" जोडी हवी असते, तिला भाव जास्त मिळतो. मग कुणीतरी पॉलिश पेपर घेतो आणि रेघ मारलेला जुना नंबर, म्हणजे खरा पुरावा, घासून टाकतो. त्याने रायफलीची किंमत वाढवली आणि तिचा इतिहास पुसला.

माझी रायफल खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. काकांच्या मते बॉडी अस्सल 'टी'च. पॅडचे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्याच्या कडेला पंचने ठोसा मारतात. ते ठोसे जुने, रंगाखालचे, कुणी न छेडलेले होते. साध्या नंबर ४ वर नवीन पॅड लावून बनवलेल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, त्यातली ही नव्हे. दुर्बीणही खरी होती. खोटी होती ती त्या दोघांची सोयरीक.

म्हणून "अस्सल आहे का?" हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. अस्सल म्हणजे कुठल्या दिवसाची? लंडनहून पेटीबंद होऊन निघाली त्या दिवशी होती तशी? की सैन्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी? मधे कारखान्यात पूर्ण दुरुस्ती होते, मुलामा बदलतो, बट बदलतं, मार्क १ दुर्बिणीच्या जागी सुधारलेली मार्क ३ येते. १९७० मध्ये तर ब्रिटिशांनी यातल्या काही रायफलींना नवीन ७.६२ मिमी नळी बसवून एल ४२ ए १ नावाची वेगळी रायफल केली. ती "बिघडलेली टी" आहे का? अजिबात नाही. १९७० नंतरच्या इतिहासासाठी तीच अस्सल. संग्राहकाला पहिल्या दिवसाची रायफल हवी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्यावरचे सगळे दिवस हवे असतात. दोघांचं "अस्सल" एक नाही. विक्रेत्याच्या कॅटलॉगमधला "ओरिजिनल" हा शब्द उचलून आपण प्रबंधात टाकतो, तेव्हा त्याची व्याख्याही नकळत उचलतो.

आता भारताशी असलेल्या नात्याचं. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत दुरुस्त झालेल्या अनेक .३०३ रायफलींच्या पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू आरपार गेलेला दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून तो घालत. जाणकार लोक तो बघूनच "ही हिंदुस्थानात नोकरी करून आली" म्हणतात. माझ्या रायफलीवर तो नव्हता, भारतीय दुरुस्तीची दुसरी कुठली खूणही नव्हती. पण घाई करू नका. खूण नसणं म्हणजे रायफल इथे आलीच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक रायफल ईशापूरला गेलीच असेल असं थोडंच आहे? मी चिडून उलट्या टोकाला जाऊन "ही भारतात कधी नव्हतीच" असं लिहायला निघाले होते, तेही तितकंच चूक ठरलं असतं.

कथा पडली ती दुसऱ्याच खुणेने. नळीवर मुकुट आणि त्याखाली "बीएनपी" असा शिक्का, शेजारी काडतुसाच्या खोलीची लांबी २.२२२ इंच आणि दाब १८.५ टन. ब्रिटनमध्ये बंदूक नागरी बाजारात विकायची तर आधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासावी लागते, आणि पास झाली की शिक्का. बर्मिंगहॅमचा हा बीएनपी शिक्का १९५४ पासूनचा. म्हणजे १९५४ नंतर कधीतरी ही रायफल बर्मिंगहॅममध्ये होती आणि तिथून नागरी बाजारात गेली. मग "भारतातल्या कुटुंबाने थेट बाहेर नेली" याचं काय झालं? १९४८ मध्ये ती हैदराबादला नव्हतीच, हे या शिक्क्याने सिद्ध होत नाही. पण कथेचा जो अर्धा भाग तपासता येत होता तो खोटा निघाला. उरलेल्या अर्ध्याला मग आधार काय? तीच कथा सांगणारा तोच माणूस. एवढंच.

राहिली चिठ्ठी. आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चिठ्ठीवर फक्त "पुसेगाव" होतं. जिल्हा नाही, संस्थान नाही, साल नाही. "हैदराबाद, १९४८" हे विक्रेत्याने जोडलेलं आणि "हिंगोलीजवळचं" हे मी जोडलेलं. आमच्या दोघांच्या भरीतून एक पुरावा तयार झाला! गाइडनी मसुदा वाचताना पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला होता: "कुठलं पुसेगाव?" बारा वर्षं जो प्रश्न ऐकून मी वैतागायचे, तोच.

विचार करा. एका ब्रिटिश-भारतीय सैनिकाचं गाव म्हणून पुसेगाव लिहिलेलं असेल, तर जास्त शक्यता कुठल्या पुसेगावची? सातारा हा पिढ्यानपिढ्या फौजेत जाणारा जिल्हा. तिथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर "मिलिटरी" लागलेलं आहे. मराठा पलटणींची भरती तिकडची. आमचं पुसेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. इथून कुणी भरती झालंच नसेल असं मी म्हणत नाही, पण पैज लावायची तर साताऱ्यावरच लावावी लागेल. आणि समजा गाव पक्कं झालं, तरी? गावाचं नाव माणसाचं असतं. रायफल सरकारची, ती जमा करून माणूस सुट्टीवर गावी जातो. शिवाय चिठ्ठी पेटीला चिकटलेली होती, रायफलीला नाही. पेट्या तर वाटेल तशा बदलतात. पेटीवर जो रायफलीचा नंबर रंगवलेला असतो, तो माझ्या फोटोत अर्धवट खरवडलेला होता. उरलेले दोन आकडे माझ्या रायफलीच्या नंबरात कुठेच बसत नव्हते. हे मी पहिल्या रात्रीच बघू शकले असते. ३४ फोटोंमधला तो २९ वा फोटो होता.

व्यवहाराचं थोडं सांगते, कारण यावर काम करायचं म्हणणारे दोघं-तिघं मला भेटलेत. .३०३ हा आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे. कुणाच्या घरी "आजोबांची रायफल" आहे असं कळलं तर हात लावायला, उघडून बघायला, फोटो काढून टाकायला धावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांना. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. म्हणजे १९४३ ची रायफल त्या अर्थाने २०४३ पर्यंत पुरावस्तूही नाही. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे विद्यापीठाचं पत्र घेऊन रेजिमेंटच्या संग्रहालयांकडे परवानगी मागणं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे. अर्ज आधी करा, उत्तर यायला वेळ लागतो. खुणांचा अभ्यास पुस्तकांतून होतो. इयन स्केनर्टन आणि पीटर लेडलर ही दोन नावं ग्रंथालयात विचारा. लेडलर स्वतः आर्मरर होते, त्यामुळे ते काकांसारखंच लिहितात.

फोटोंवरून काम करत असाल तर संग्राहकाला "अजून फोटो पाठवा" असं मोघम सांगू नका. कुठला भाग, कुठल्या बाजूने, उजेड कुठून, शेजारी मोजपट्टी, हे लिहून द्या. आणि ज्या भागाचा फोटो पाठवलेला नाही त्याची वेगळी यादी ठेवा. माझ्या पहिल्या ३४ फोटोंत नळीच्या शिक्क्यांचा एकही नव्हता. तो मुद्दाम वगळला होता की सहज राहिला, देव जाणे.

गोषवारा परत मागवताना आयोजकांना दोन ओळींचा मेल लिहिला: साधनाची तपासणी पूर्ण झाली नव्हती, क्षमस्व. संग्राहकालाही सगळं कळवलं. वाटलं होतं तो रागावेल, कारण त्याच्या खिशाला चाट बसली होती. त्याने उलट विचारलं की मनगटाखाली जुन्या नंबरची काही खूण शिल्लक असेल का. लाकडाचे तंतू नंबर ठोकताना खोलवर दबतात, वरून घासलं तरी तळ कधी कधी राहतो. काकांनी सांगितलेल्या पद्धतीने त्याने पुन्हा आडवी टॉर्च धरली. गेल्या आठवड्यात फोटो आलाय. नव्या नंबराच्या डावीकडे एक फिकट "७" दिसतोय, आणि त्याच्यापुढे बहुतेक "१", किंवा मग नुसता ओरखडा. काका म्हणतात ओरखडाच आहे.

प्रकरणात आता या रायफलीवर एक वाक्य उरलंय, तेही तळटीपेत.